एका ठासणीच्या पिस्तुलाचे मोल

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले ते कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलण्यासाठी. त्या विषयावर आम्ही गेली तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर बोलत आलो आहोत आणि समोर बसलेल्यांपैकी काहींना ते एव्हाना पाठही झाले असेल. म्हणून चालकांची परवानगी काढून या वेळी आम्ही एका जुन्या पिस्तुलाची हकीगत सांगायचे ठरवले. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण नगरवाचनालयात झाले आणि थोडेफार पोलीस कोठडीत. तेव्हा इतिहासकाराचा आव आम्ही आणणार नाही. परंतु एखाद्या वस्तूची किंमत कशी ठरते, ती कोण चढवतो आणि ती चढते तेव्हा मूळ घडवणाऱ्याच्या पदरात काय पडते, या प्रश्नांशी आमचे आयुष्य गेले आहे. तेवढ्याच अधिकारावर आम्ही बोलत आहोत.

चार वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी वाळवे तालुक्यातील दोघे भाऊ आमच्या सांगलीच्या कचेरीत आले. त्यांचे वडील साखर कारखान्यात फिटर होते, आमच्या युनियनचे जुने सभासद होते आणि संपाच्या दिवसांत फाटकाशी आमच्या शेजारी घोंगडी टाकून झोपलेले होते. ते २००९ साली वारले. आता घरात वाटण्या निघाल्या होत्या. धाकट्याने पिशवीतून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी काढले आणि आमच्या टेबलावर ठेवले. दीड वीत लांबीचे, एका नळीचे, ठासणीचे पिस्तूल. थोरला म्हणाला, "दादा, हे प्रतिसरकारातलं पिस्तूल आहे. आमच्या आज्यानं वापरलेलं. गिऱ्हाईक दोन लाखाला तयार आहे, पण त्याला कागद पाहिजे. तुम्ही युनियनच्या कागदावर तेवढं लिहून द्या."

"आणि कागद नसला तर?"

"मग तो पंधरा हजार म्हणतो."

म्हणजे लोखंड आणि लाकूड मिळून पंधरा हजार, आणि आमची सही एक लाख पंच्याऐंशी हजार! आमच्या सहीला इतका भाव आजवर कोणी दिला नव्हता. करारावर सह्या करूनही नाही.

पिस्तूल मात्र चांदीसारखे लखलखत होते. गिऱ्हाइकाला दाखवायचे म्हणून धाकट्याने दोन दिवस बसून ते पॉलिश पेपरने घासले होते. मुलगा वर्कशॉपमध्ये कामाला. गंजलेला भाग हातात आला की तो साफ करायचा, हेच त्याला शिकवलेले. त्याला आम्ही काय बोलणार?

त्या दिवशी आम्ही सही दिली नाही. नाहीही म्हटले नाही. प्रथम त्या दोघांना घेऊन पोलीस ठाण्यावर गेलो, कारण घरात जुने हत्यार सापडले की ते आधी तिथे सांगावे लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या घडणीच्या, आणि दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्याराला सूट आहे. पण हत्यार न चालणारे आहे हे आपण घरी बसून ठरवायचे नसते. तिथल्या शस्त्रागारात एक जाणते हवालदार होते. त्यांनी नळीत गज घातला, कान्यात तार घालून पाहिली आणि म्हणाले, "हे मेलेलं आहे." मग खिशातून भिंग काढून चापाची पट्टी उजेडात धरली आणि आम्हांला पहिला धडा दिला.

हा धडा थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडची जुनी बंदूक तोड्याची. जळती वात कान्यातल्या रंजकेला लावायची की बार उडाला. घोड्यावर बसून एका हाताने लगाम धरायचा आणि दुसऱ्या हातात जळती वात सांभाळायची ही मोठी कसरत असल्यामुळे तोड्याचे पिस्तूल हिंदुस्थानात क्वचितच आढळते. पिस्तूल आले ते मुख्यतः चकमकीचे, युरोपियनांच्या हातून. त्यात घोड्याच्या चिमट्यात गारगोटी बसवलेली असते; खटका ओढला की ती पोलादाच्या झडपेवर आदळते आणि ठिणगी रंजकेवर पडते. पुढे स्कॉटलंडातील फोर्सिथ नावाच्या एका धर्मोपदेशकाने १८०७ साली ठोका बसताच पेट घेणाऱ्या दारूचा हक्क नोंदवला. गृहस्थाला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता आणि रंजकेचा धूर दिसताच पक्षी उडून जात, एवढेच त्याचे दुःख. त्यातून तांब्याची टोपी निघाली आणि १८४० च्या आगेमागे इंग्रजी फौजेनेही गारगोटी सोडून टोपी धरली.

आता किंमत पाहा. टोपी आली त्या दिवशी जगातली सारी चकमकीची पिस्तुले जुनी झाली. लोहार त्यांचा चिमटा काढून साधा घोडा बसवीत, रंजकेची पाळ कापून टाकीत आणि टोपीसाठी एक लहानशी बोंडी ठोकून देत. झडपेच्या कमानीचे स्क्रू जिथे होते तिथली भोके बुजवून टाकीत. हवालदारांनी आम्हांला दाखवली ती ही बुजवलेली भोके. म्हणजे हे पिस्तूल जन्मले चकमकीचे आणि पुढे टोपीचे झाले. ज्या कारागिराने हा बदल केला त्याने त्या काळी त्याची किंमत वाढवली. आजचा संग्राहक मात्र न बदललेल्या चकमकीच्या पिस्तुलाला जास्त मोजतो आणि बदललेल्याला कमी. एखाद्याने पुन्हा हुशारीने गारगोटी बसवून दिली असेल आणि ते उघडकीला आले तर आणखी कमी.

पट्टीवर एक खूणही होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारांच्या चापावर आधी बदामी आकाराचा छाप असे आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या जागी मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. कित्येकदा शेजारी साल कोरलेले असे. आमच्या पिस्तुलावर सिंहाचे मागचे दोन पाय आणि शेपटीचे टोक एवढेच उरले होते. बाकीचा सिंह पॉलिश पेपरबरोबर गेला, आणि साल असलेच तर तेही. लोखंडावर दीडशे-दोनशे वर्षांत जी काळसर साय धरते ती संग्राहकाला सोन्याच्या मुलाम्याहून प्यारी, कारण ती खोटी तयार करणे कठीण असते. धाकट्याचा चेहरा उतरला. "दोन दिवसांची मजुरी फुकट गेली म्हणा की," तो म्हणाला. फुकट गेली असती तरी बरे, असे आमच्या तोंडावर आले होते, ते गिळले.

हे चाप कोण घडवीत होते याचा शोध आम्ही आमच्या खोडीप्रमाणे घेतला. बर्मिंगहॅम शहरातला बंदुकांचा मोहल्ला प्रसिद्ध होता. एका पिस्तुलावर नळी करणारा, तिला भोक पाडणारा, दस्ता बसवणारा, पितळकाम करणारा असे कितीतरी हात चालत, आणि प्रत्येकाला नगावर मजुरी. जवळच्या डार्लास्टन गावात घरोघर चापाचे भाग कानशीने घासून जुळवीत. नाव मात्र चापावर व्यापाऱ्याचे किंवा कंपनीचे. मग अमेरिकेत कोल्टने आणि इंग्लंडात सरकारी कारखान्याने यंत्रावर एकसारखे भाग काढायला सुरुवात केली. बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी १८६१ साली एकत्र येऊन स्वतःचा यंत्रकारखाना काढला, त्याचे नाव बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. हीच ती बीएसए, जिची सायकल आपल्या आजोबांच्या पिढीत घरी आली की तिला हार घालीत असत. त्या सायकलीवर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची खूण असे ती यामुळे. लढाई नसली की बंदुकीला मागणी नसते आणि कारखाना बसून राहतो. म्हणून मालकांनी सायकली काढल्या. डार्लास्टनच्या कानशीवाल्यांचे काय झाले ते सायकलीवर लिहिलेले नव्हते.

आपल्याकडे हीच गोष्ट घडली, परंतु तिचे कारण यंत्र नव्हते, कायदा होता.

१८५७ साली साताऱ्यात काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. राज्य खालसा होऊन दहा वर्षेही झाली नव्हती. रंगो बापूजींचा बेत फुटला आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड दिला गेला. रंगो बापूजी सापडले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम त्या सतरांत होता. त्याच वर्षी हत्यारांवर निर्बंध घालणारा कायदा आला आणि कृष्णाकाठपासून कर्नाटकापर्यंत हत्यारे नोंदवा, परवाना घ्या, नाहीतर जमा करा, असा हुकूम फिरला. मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेडरांनी तो मानला नाही. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांच्यावर फौज गेली, आणि हाती लागलेल्यांना फासावर चढवले गेले. १८६० साली कायदा पुन्हा आवळला आणि १८७८ साली लिटनच्या राजवटीत त्याला कायमचे रूप आले.

किमतीच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला? ज्या हत्यारासाठी शिलेदार बैलजोडी विकीत असे ते आता घरातले संकट झाले. विकावे तर गिऱ्हाईक नाही आणि ठेवावे तर शिक्षा. किंमत शून्यावर आली असे म्हणणे पुरेसे नाही, ती शून्याच्याही खाली गेली. लोकांनी हत्यारे विहिरीत टाकली, भिंतीत चिणली, मोडून त्यांचे विळे केले. ज्या संस्थानिकांना आणि सरदारांना सूट होती त्यांच्या वाड्यांत मात्र ती राहिली. आज आपण वस्तुसंग्रहालयात जी पिस्तुले पाहतो ती बहुतांशी अशा वाड्यांतून आलेली असतात, आणि ती पाहून पूर्वी हत्यारे फक्त सरदारांकडेच होती असा आपला समज होतो. खेड्यातली हत्यारे कुठे गेली हे कपाटावरच्या चिठ्ठीत लिहिलेले नसते.

हत्यारांची किंमत पडली तशी हत्यारांवर जगणाऱ्यांचीही पडली. मिरजेची कथा इथे सांगायलाच हवी. तिथे शिकलगारांची घरे होती. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणे, पाणी देणे, दुरुस्ती करणे हा त्यांचा पिढीजात धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो बसत चालला. तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्ये दुरुस्त करायला घेतली आणि त्यातून तंबोरे व सतारी घडवण्याची मिरजेची परंपरा उभी राहिली. पोलाद ओळखणारा हात तारेचा ताण ओळखायला शिकला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे मिरजेत येऊ लागले. शिकलगार हे आडनाव मागे पडून कित्येक घरे सतारमेकर झाली. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, आणि देशभरचे गवई मिरजेचा तंबोरा मागू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. बंदुकीवरून सायकलीवर गेलेल्या कंपनीचे नाव जगाला ठाऊक झाले. तलवारीवरून सतारीवर गेलेल्या आमच्या शेजाऱ्यांचे नाव मानांकनाच्या बातमीपुरते छापून आले. असो. हा सल आमचा आहे, विषय पुढे नेऊ.

पिस्तुलाला पुन्हा मोल आले ते क्रांतिकारकांमुळे, पण ते नव्या पिस्तुलाला. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीनच्या हाती वीस ब्राउनिंग पिस्तुले धाडली, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर ब्राउनिंगच चालवले. बेल्जममध्ये घडणारे हे पिस्तूल खिशात मावे आणि एकामागून एक गोळ्या सोडी. अशा वेळी ठासणीचे पिस्तूल कोण घेणार? दारू घाला, गोळी घाला, गजाने ठासा, टोपी बसवा. तोवर शिपाई मानगूट धरतो.

इथेच थोरल्याच्या म्हणण्याबद्दल आम्हांला शंका आली. प्रतिसरकारच्या काळात, म्हणजे १९४३ ते १९४६ मध्ये, सांगली हा जिल्हा नव्हता. सारा मुलूख सातारा जिल्ह्यात आणि संस्थानांत वाटलेला होता. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या त्या चळवळीला हत्यारांची विलक्षण टंचाई होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी तुफान सेनेने अडवली, तेव्हा हातांत मुख्यतः विळे, काठ्या आणि मोजके गावठी बॉम्ब होते. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा आणि त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, तेव्हा बंदुका होत्या त्या पहारेकऱ्यांच्याच, हिसकावून घेतलेल्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्या दिवशी पडले आणि वसंतदादांना गोळी लागली. चालणारे पिस्तूल मिळावे म्हणून कार्यकर्ते गोव्यापर्यंत जात. अशा टंचाईत कोणी ठासणीचे पिस्तूलही कमरेला लावले असेल, नाही असे नाही. परंतु "असेल" या शब्दावर आम्ही युनियनचा शिक्का कसा मारायचा?

थोरला मात्र बाजार चांगला ओळखत होता. किंमत गोष्टीला असते हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. व्हर्लेन नावाच्या फ्रेंच कवीने १८७३ साली ब्रुसेल्समध्ये तेवीस फ्रँकला एक साधे रिव्हॉल्व्हर विकत घेतले आणि रागाच्या भरात आपला मित्र कवी रँबो याच्यावर झाडले. २०१६ साली पॅरिसमध्ये ते चार लाख चौतीस हजार पाचशे युरोला गेले. त्याच घडणीचे, सात मिलिमीटरचे, शेतात सापडलेले आणि गंजून छिन्न झालेले एक रिव्हॉल्व्हर २०१९ साली एक लाख बासष्ट हजार पाचशे युरोला विकले, कारण चित्रकार व्हॅन गॉगने स्वतःवर झाडले ते हेच असावे असा समज आहे. त्याला कोणी पॉलिश पेपर लावला नव्हता.

आपल्या देशातले उदाहरण याहून बोलके. भगतसिंगांचे बत्तीस बोअरचे कोल्ट पिस्तूल, सँडर्सवर चालवलेले, कित्येक वर्षे इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात इतर हत्यारांच्या ओळीत नाव नसलेले पडून होते. त्यावर काळा रंग चढवला होता. २०१६ च्या सुमारास तो रंग खरवडला तेव्हा खाली १६८८९६ हा आकडा निघाला, आणि तोच आकडा खटल्याच्या कागदांत होता. मग ते मानाने पंजाबात नेण्यात आले. तिथे खरवडल्याने गोष्ट हाती आली. आमच्याकडे घासल्याने गेली.

परंतु आकडा नसेल तेव्हा काय करायचे? साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखे मांडली, तेव्हा आम्हीही रांगेत उभे होतो. ती तिकडे गेली ग्रँट डफच्या घराण्याकडून, जो १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात कंपनीचा प्रतिनिधी होता. सोबतच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचा मजकूर आहे. आणि ती महाराजांनी वापरलेली हीच, याची खातरजमा करता येत नाही, असे लंडनचे ते संग्रहालय स्वतःच सांगते. रांगेतल्या एका आजीबाईंनी काचेला हात लावून तो कपाळाला लावला. त्यांच्या भावनेची किंमत करणारे आम्ही कोण? पण ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याने जेवढे ठाऊक तेवढेच लिहावे, हा त्या परक्या संग्रहालयाचा रिवाज आम्हांला आवडला.

कायद्याचाही किमतीवर हात असतो. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर विकता येत नाही. टिपू सुलतानाची तलवार २०२३ साली लंडनमध्ये एक कोटी चाळीस लाख पौंडांना गेली, ही बातमी वाचून आमच्याकडे माळे धुंडाळणारे पुष्कळ निघाले. लंडनचा भाव सांगलीत लागत नाही हे त्यांना सांगावे लागते.

शेवटी आम्ही त्या भावांना विचारले, घरात जुने माणूस कोण आहे? पलूसकडे त्यांची आत्ती होती, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. आम्ही तिघे एस. टी. ने गेलो. आत्तीने पिस्तूल पाहिले आणि हसली. "ह्याला कुणी घासलं? हे काळं होतं." मग सांगत गेली. तिच्या आज्यापासून ते घरात होते. लग्नात, वरात दाराशी आली की त्यात नुसती दारू भरून बार काढायचे; भुईमुगात डुकरे शिरली की तेव्हाही. ती पाच-सहा वर्षांची असताना, प्रतिसरकारच्या दिवसांत, गावात पोलिसांची झडती आली. तिच्या वडिलांनी रातोरात ते पेवात टाकले, वर शाळू ओतला. बहात्तरच्या दुष्काळात पेवाच्या तळापर्यंत हात गेला तेव्हा ते पुन्हा वर आले. "थोरल्या भावानं, म्हणजे ह्यांच्या बापानं, सगळ्यांस्नी गप बसा म्हणून सांगितलं. कारखान्यातली नोकरी जाईल म्हणला."

त्याच माणसाच्या शेजारी आम्ही संपाच्या रात्री काढल्या होत्या. रेशनचा भाव, महागाई भत्ता, मालकांचे डाव, सगळ्या जगाच्या गोष्टी झाल्या. त्याच्या घरातली एकही गोष्ट आम्ही कधी विचारली नव्हती.

आम्ही वही काढली. थोरला कोपऱ्यात नेऊन म्हणाला, "दादा, लग्नाचा बार लिहू नका. झडतीचं तेवढं लिहा." धाकट्याला दुसरीच भीती. जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांवरचा असेल तर कलेक्टरला कळवावा लागतो, हा १८७८ चाच दुसरा कायदा त्याला कोणीतरी सांगितला होता. त्याचे म्हणणे, पेव लिहू नका. पेवात आपलीच वस्तू आपल्याच बापाने ठेवलेली, तिला तो कायदा कसा लागेल, असे आमचे मत. पण वकिलाला विचार असे आम्ही त्याला सांगितले. आत्ती ओट्यावरून ओरडली, "काय कुजबुजताय? मी सांगितलं तसं लिहा, न्हाईतर लिहू नका."

तसे लिहिले. डुकरे, वरात, झडती, पेव, दुष्काळ, सगळे. वाचून दाखवले. एके ठिकाणी तिने दुरुस्ती केली: शाळू नव्हता, हायब्रीडही नव्हती, तांबडी जोंधळी होती. ती दुरुस्ती करून खाली तारीख घातली, तिने अंगठा उठवला, दोघा भावांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. आमच्या कागदाऐवजी हीच वही त्यांनी गिऱ्हाइकाला दाखवली. तो पंधरावरून बावीस हजारांवर आला आणि तिथे थांबला. भावांनी अजून दिलेले नाही. पिस्तूल धाकट्याच्या कपाटात आहे, पोलीस ठाण्याच्या दाखल्यासह. त्यावर पुन्हा थोडा थोडा काळसरपणा धरू लागला आहे, आणि तो पुसायचा नाही असे त्याने घरात बजावून ठेवले आहे. वहीची एक प्रत आमच्याकडे आहे.